गॅरेजवालं मोटरहोम घ्यायचंय? आधी मागच्या ॲक्सलला विचारा

भंगारवाल्याच्या आवारातल्या भुईकाट्यावर मिळालेल्या पावतीवर तीन आकडे होते. एकूण ३,४६० किलो, पुढचा ॲक्सल (म्हणजे पुढची चाकांची जोडी) १,३८०, मागचा २,०८०. पहिला आकडा बघून मी बायकोला म्हटलं, बघ, अजून चाळीस किलो शिल्लक आहेत. काट्यावरच्या माणसाने पावती माझ्या हातातून परत घेतली, तिसऱ्या आकड्याखाली पेनने रेघ ओढली आणि ड्रायव्हरच्या दाराजवळ चिकटवलेल्या पट्टीकडे बोट दाखवलं. मागच्या ॲक्सलला परवानगी २,००० किलोची. एकूण वजनात आम्ही नियमात होतो आणि मागच्या चाकांवर ऐंशी किलोने नियमाबाहेर.

गाडी म्हणजे भाड्याचं मोटरहोम, चाकांवरचं घर, स्टुटगार्टजवळून दोन आठवड्यांसाठी घेतलेलं. मागच्या पलंगाखाली ऐसपैस गॅरेज. दोन इलेक्ट्रिक सायकली, मुलांच्या दोन छोट्या सायकली, खुर्च्या, टेबल, तंबू, तांदळाची पिशवी, कुकर, सगळं आत गेलं आणि वर जागा उरली. जागा उरली म्हणून पाण्याचे दोन खोकेही ढकलले. तिथेच फसलो. गॅरेजमध्ये किती मावतं हे डोळ्यांना दिसतं, किती पेलतं हे दिसत नाही. पुढे दीड वर्ष आम्ही स्वतःची गाडी शोधत होतो. त्या शोधात शिकलेलं इथे लिहितो आहे. मी जर्मनीत राहतो, त्यामुळे नियम इथले सांगेन. तुम्ही युरोपात दुसरीकडे असाल तर वजनाचं गणित तेच, लायसन्स आणि टोल मात्र तुमच्या देशाचे तपासा.

गॅरेज म्हणजे नेमकं काय

इथल्या बहुतेक मोटरहोममध्ये मागचा पलंग उंचावर असतो आणि त्याच्या खाली गाडीच्या रुंदीभर आडवी मोकळी जागा. दोन्ही बाजूंना दारं. एका बाजूने सायकल आत, गरज पडली तर दुसरीकडून बाहेर. हेच गॅरेज. फियाट डुकाटोसारख्या पत्र्याच्या व्हॅनमधून बनवलेल्या गाडीतही पलंगाखाली जागा असते, पण ती मागच्या दोन दारांतून उघडते आणि सायकल उभी घालायची तर पलंगाचा एक भाग दुमडावा लागतो. विक्रेते तिलाही गॅरेज म्हणतात. दोन जणांना ती पुरते, चौघांना नाही.

त्याच्या वरचा वर्ग म्हणजे ज्यांच्या पोटात छोटी मोटार मावते. बोमटेची व्हारिओमोबिल आणि वुपरटालची फोल्कनर हे दोन जर्मन कारखाने अशा बसएवढ्या गाड्या बनवतात. फोल्कनरने दोन ॲक्सलच्या मधून बाजूला सरकून बाहेर येणाऱ्या गॅरेजमध्ये बुगाटी ठेवून दाखवली होती. प्रदर्शनात बघायला मजा येते. किमती लाखो युरोंत आणि लायसन्स ट्रकचं, त्यामुळे त्यांना इथेच नमस्कार करू. अमेरिकेत मागची भिंत रॅम्पसारखी खाली पडणारी, आत मोटरसायकली घेणारी गाडी मिळते, तिला ते टॉय हॉलर म्हणतात. युरोपातल्या रस्त्यांवर ती क्वचितच दिसते.

आणि हो, ‘रिटायर झाल्यावर भारतात नेता येईल ना?’ हा प्रश्न मला आजवर तीन मामांनी विचारलाय. डाव्या स्टिअरिंगची गाडी भारतात कायमची आणून नोंदवता येत नाही. तो विषय तिथेच संपतो.

आधी लायसन्स, मग गाडी

कॅम्पिंगवर भेटणारे साठीतले जर्मन शेजारी फार मोकळेपणाने सल्ला देतात. ‘साडेचार टनाची घे, निवांत राहशील.’ त्यांचं बरोबर असतं, पण त्यांच्यापुरतं. १ जानेवारी १९९९च्या आधी ज्यांनी इथलं जुनं मोटारीचं लायसन्स काढलं त्यांना साडेसात टनांपर्यंतची गाडी चालवता येते. आपण दहा-पंधरा वर्षांपूर्वी आलेली मंडळी. भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यावर सहा महिने चालतं, मग लेखी आणि रस्त्यावरची परीक्षा देऊन ‘बी’ वर्ग मिळतो आणि ‘बी’ म्हणजे ३,५०० किलो. त्याच्या वर एक किलोही नाही.

पुढे जायचं तर ‘सी-१’ काढावा लागतो. ड्रायव्हिंग स्कूल, डोळ्यांची आणि शरीराची तपासणी, परीक्षा आणि दर पाच वर्षांनी पुन्हा तपासणी. खर्च काही हजार युरोंत जाऊ शकतो. २०२५ मध्ये युरोपीय संघाने मोटरहोमसाठी ‘बी’ची मर्यादा ४,२५० किलोपर्यंत वाढवायचा मार्ग मोकळा केला, जादा प्रशिक्षण किंवा परीक्षेच्या अटीवर. पण तो प्रत्येक देशाच्या कायद्यात उतरायला काही वर्षं लागतील. ‘लवकरच होणार आहे’ असं म्हणून विक्रेता आज चार टनाची गाडी गळ्यात मारत असेल तर हसून पुढच्या गाडीकडे जा.

साडेतीनच्या वर गेल्यावर आणखीही गोष्टी बदलतात. जर्मन ऑटोबानवर १०० आणि गावाबाहेरच्या रस्त्यावर ८० ही वेगाची मर्यादा लागते, ट्रकना ओव्हरटेक बंदीची पाटी तुम्हालाही लागू होते, ऑस्ट्रियात ठराविक मुदतीच्या टोल-पासऐवजी किलोमीटरवर पैसे मोजणारी डबी लावावी लागते, स्वित्झर्लंडमध्ये ४० फ्रँकच्या स्टिकरऐवजी वेगळी फी. यातलं काही जीवघेणं नाही. मला विचाराल तर चौघांचं कुटुंब आणि भरलेलं गॅरेज हवंच असेल तर ‘सी-१’ काढा. साडेतीन टनात ते गणित प्रामाणिकपणे बसवणं फार अवघड आहे. कसं, ते पुढे मांडतो.

कागदावरचं वजन कसं वाचायचं

जाहिरातीत ‘चालण्यास तयार वजन’ म्हणून एक आकडा असतो. त्यात ७५ किलोचा ड्रायव्हर, ९० टक्के भरलेली डिझेलची टाकी, गॅसचं एक नळकांडं आणि थोडं पाणी धरलेलं असतं. ‘थोडं’ हा शब्द महत्त्वाचा. टाकी १०० लिटरची असली तरी बऱ्याच कंपन्या प्रवासातली भरती म्हणून २० लिटरच धरतात. उरलेलं पाणी तुमच्या खात्यात.

आम्हाला आवडलेल्या एका गाडीचा हिशेब असा होता. परवानगी ३,५००, तयार वजन २,९८०. शिल्लक ५२०. ऐकायला भरघोस वाटतं. त्यातून बाहेर सावलीसाठी भिंतीला लावलेली छत्री, सोलर पॅनल, जादा बॅटरी, टो-हुक वगैरे जोडलेल्या गोष्टींचे ११० गेले, उरले ४१०. बायको आणि दोन मुलं मिळून १५०, उरले २६०. टाकीतलं उरलेलं ८० लिटर पाणी, उरले १८०. गॅसचं दुसरं नळकांडं भरलेलं साधारण २३, उरले १५७. कपडे, अंथरुणं, भांडी, किराणा माणशी २० किलो, उरले ७७. खुर्च्या, टेबल, वायर, अवजारं, चाकाखालची पाचरं ४०, उरले ३७. दोन इलेक्ट्रिक सायकली ५०.

उणे तेरा. मुलांच्या सायकली अजून घरीच आहेत.

शिवाय कंपनीला तयार वजनात ५ टक्के फरकाची सवलत असते. कागदावर २,९८० असलेली गाडी प्रत्यक्षात ३,१२९ किलोची निघाली तरी ती कायद्याने ‘बरोबर’ असते. युरोपीय नियमात सामानासाठी किमान किती वजन सुटलं पाहिजे याचं सूत्र आहे: माणसं अधिक गाडीची मीटरमधली लांबी, गुणिले दहा. चार जणांच्या सात मीटरच्या गाडीला ११० किलो. तेवढं सुटलं की कागद पूर्ण. चौघांच्या दोन आठवड्यांच्या सामानाला ११० किलो म्हणजे लग्नाच्या वऱ्हाडाला एक रिक्षा.

तरफेचा खेळ

आता पावतीवरच्या तिसऱ्या आकड्याकडे येतो, कारण गॅरेजवाल्या गाडीचं सगळं भलंबुरं तिथे ठरतं.

मी मूळचा कराडकडचा. गळीत हंगामात उसाने ठेचून भरलेली ट्रॉली चढावर आली की ट्रॅक्टरची पुढची चाकं जमिनीवरून सुटताना लहानपणी शंभरदा पाहिलीत. पुढे नांगराचं लोखंड किंवा दोन माणसं बसवून लोक तोल साधायचे. मोटरहोमचं गॅरेज मागच्या चाकांच्याही मागे लटकतं. तिथे ठेवलेला माल मागच्या ॲक्सलवर आपल्या वजनापेक्षा जास्त भार टाकतो आणि पुढचा ॲक्सल वर उचलतो.

आकडे घेऊन बघा. दोन ॲक्सलमधलं अंतर ४ मीटर आणि गॅरेजचा मध्य मागच्या ॲक्सलच्या दीड मीटर मागे धरा. तिथे १०० किलो ठेवले की मागच्या ॲक्सलवर १०० गुणिले साडेपाच भागिले चार, म्हणजे साधारण १३७ किलो वाढतात आणि पुढून ३७ कमी होतात. १५० किलोची स्कूटर आणि तिची पट्टी, रॅम्प धरून १८० किलो ठेवलेत तर मागे जवळजवळ २५० आणि पुढून ६५-७० गायब. डुकाटो ही पुढच्या चाकांवर चालणारी गाडी. पुढे वजन नसलं की ओल्या गवतावर चाकं जागीच फिरतात. आल्गॉयमधल्या एका कॅम्पिंगवर पावसानंतर आम्हाला शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरने ओढून काढलं. उतार म्हणावा असाही नव्हता.

त्यामुळे कोणतीही गाडी बघताना पहिला प्रश्न चेसिसचा, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याचा. साध्या साडेतीन टनी डुकाटोच्या मागच्या ॲक्सलला साधारण २,००० किलोची परवानगी असते, जड चेसिसला २,४०० पर्यंत. जड चेसिसची चाकं १६ इंची असतात, हलक्याची १५, लांबूनही ओळखता येतं. जड चेसिस स्वतः थोडी जास्त वजनाची असते, त्यामुळे ‘बी’ लायसन्सवर एकूण वजनात तोटा होतो. तरीही गॅरेज वापरणार असाल तर तीच घ्या. स्कूटर नेणार असाल तर मागच्या चाकांवर चालणारी स्प्रिंटर किंवा आयव्हेको डेली बघा, तिथे मागचं वजन उलट पकड वाढवतं.

विक्रेता म्हणेल, मागे हवेचे फुगे बसवून देतो. त्या फुग्यांनी बसलेलं शेपूट वर येतं, गाडी डुलत नाही, हे खरं. पण परवानगीचा आकडा आपोआप वाढत नाही. तो नोंदणीपत्रात बदलून आला तरच वाढला. जर्मन नोंदणीपत्रावर ‘एफ.२’ या रकान्यात एकूण वजन असतं आणि ‘८.१’, ‘८.२’ या रकान्यांत पुढच्या-मागच्या ॲक्सलची परवानगी. गाडी आवडण्याआधी ‘८.२’ वाचा.

आणखी एक आकडा गॅरेजच्या स्वतःच्या फरशीचा. बऱ्याच गाड्यांत तो १५० ते २५० किलो असतो, माहितीपुस्तकात किंवा दाराच्या आत छापलेला. २५० लिहिलंय म्हणून २५० ठेवता येतात असं नाही. फरशी मोडणार नाही, एवढंच तो आकडा सांगतो. ॲक्सलची हमी तो घेत नाही.

टेप, पुठ्ठा आणि सायकल

दर ऑगस्टच्या शेवटी ड्युसेलडॉर्फला आणि जानेवारीत स्टुटगार्टला मोटरहोमची मोठी प्रदर्शनं भरतात. दोन दिवसांत पन्नास गॅरेजं उघडून बघता येतात. सोबत मेजटेप न्या, आणि त्याहून उपयोगी म्हणजे पुठ्ठा.

आमच्या सायकलची हँडलपर्यंतची उंची ११२ सेंटीमीटर, हँडलची रुंदी ७०, लांबी १८५. मी घरी तेवढ्या उंचीची पुठ्ठ्याची पट्टी कापली आणि दुमडून खिशात ठेवली. कारण माहितीपत्रकात छापतात ती आतली उंची आणि दाराची उंची वेगळी असते. आत १२० सेंटीमीटर, पण दाराची चौकट १०५ला संपते, असं अनेक गाड्यांत दिसलं. मग दर वेळी सायकल तिरकी करून, हँडल वळवून, पेडलने पोटरी सोलून घेत आत घालायची. पहिल्या दिवशी गंमत वाटते, चौथ्या दिवशी भांडण होतं. दार दोन्ही बाजूंना सारखंच मोठं आहे का, तेही बघा. खूपदा ड्रायव्हरच्या बाजूचं दार लहान असतं.

उंबरठा किती उंच आहे? जमिनीपासून ५० सेंटीमीटर असेल तर २५ किलोची सायकल उचलताना कंबर सांगेल. काही गाड्यांत चेसिसचा मागचा भाग खाली उतरवून गॅरेजची फरशी खोल केलेली असते. चढवायला छान, पण फेरीबोटीच्या रॅम्पवर तेच शेपूट घासतं.

आत भिंतीवर आणि फरशीवर ॲल्युमिनियमचे रूळ आणि त्यात सरकणाऱ्या कड्या असतात. विचारा: रूळ चेसिसपर्यंत बोल्टने आवळलेत की नुसत्या प्लायवुडमध्ये स्क्रूने? एका कडीवर किती किलोचा ओढा चालतो? मला एका ठिकाणी उत्तर मिळालं, ‘आजवर कोणी विचारलं नाही.’

स्कूटर न्यायची की नाही

दहा जणांपैकी सात जण गॅरेजवाली गाडी स्कूटरच्या स्वप्नापायी बघायला जातात. मीही त्यातलाच. पुण्यात ॲक्टिव्हावर आयुष्य काढलेल्या माणसाला इटलीतल्या गावात स्कूटरवरून भाजी आणायची असते, यात नवल नाही. ॲक्टिव्हा सव्वाशे किलोच्याही आत बसते, पण इथली १२५ सीसी स्कूटर साधारण १३० किंवा जास्त. त्यात रॅम्प, पट्ट्या, दोन हेल्मेटं. साडेतीन टनात स्कूटर नेणारी चौघांची गाडी मी कागदावर एकदाही जमवू शकलो नाही. दोघांचीच असाल, पाणी कमी ठेवणार असाल, तर जमतं.

पर्याय स्वस्त आहेत. ब्लॅक फॉरेस्टमधल्या बऱ्याच कॅम्पिंगवर राहिल्यावर पाहुण्यांना कोनुस नावाचं कार्ड मिळतं, त्यावर तिथल्या बस-रेल्वे फुकट. समुद्राकाठच्या गावांत दिवसाच्या भाड्याने स्कूटर मिळते. वर्षातून सहा दिवस लागणाऱ्या स्कूटरसाठी गाडीचं चेसिस बदलायचं का, याचं उत्तर आमच्या घरी बायकोने एका शब्दात दिलं.

मागे टांगायचा सायकल स्टँड हाही पर्याय लोक सुचवतात. तो गॅरेजच्याही मागे लटकतो, म्हणजे तरफ आणखी लांब. दोन हलक्या सायकलींना चालेल.

वरचा पलंग आणि खालचे गुडघे

गॅरेज जितकं उंच, तितका पलंग उंच. दोन लांबट पलंग असतील तर मधे दोन-तीन पायऱ्या असतात. आडव्या पलंगाला बहुधा शिडी. आम्ही प्रदर्शनात चौघंही चढून आडवे झालो, छान वाटलं. मग बायको म्हणाली, आई आल्या की?

आमच्याकडे दरवर्षी उन्हाळ्यात कोणाचे तरी आईवडील तीन महिन्यांसाठी येतात. तुमच्याकडेही येत असतील. रात्री दोनदा उठणाऱ्या, गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्या पलंगावर चढवणं शक्य नाही. मग त्यांना पुढे, छतातून खाली येणाऱ्या पलंगावर? तिथेही शिडी. बसायच्या जागेचा पलंग करता येतो का, तो किती रुंद होतो, हे तिथेच करून बघा. विक्रेत्याला करू देऊ नका, त्याचा हात बसलेला असतो.

उंची खाली-वर करता येणारा पलंग काही गाड्यांत मिळतो. सायकली नसतील तेव्हा खाली, असतील तेव्हा वर. वजन थोडं वाढतं आणि यंत्रणा बिघडू शकते, तरी मी तो घेतला असता. आणि सीटबेल्टच्या जागा मोजा. सहा जण झोपू शकणाऱ्या गाडीत पट्टे चारच असू शकतात. आजी-आजोबा, तुम्ही दोघं आणि एक मूल म्हणजे पाच.

वास, वायू आणि फोडणी

गॅरेजच्या फरशीला किंवा तळाशी जाळीची छोटी भोकं असतात. थंडी येते म्हणून लोक त्यावर चटई घालतात. घालू नका. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, पेट्रोलची वाफही. गळती झाली तर ती तळाशी साचते आणि त्या भोकांतून बाहेर जाते. पेट्रोलची स्कूटर ठेवणार असाल तर गॅरेज आणि झोपायच्या जागेमधली फळी हवाबंद आहे का बघा. गादी उचला, आतून टॉर्च लावा, फटीतून उजेड दिसला तर वासही येणार. गॅसच्या जोडण्यांची तपासणी इथे दर दोन वर्षांनी करावी लागते. जुनी गाडी घेताना तो दाखला मागा.

सायकलींच्या बॅटऱ्या झोपेत चार्जिंगला लावून ठेवू नका, त्यांच्या बरोबर वर आपण झोपलेलो असतो. दिवसा, समोर असताना चार्ज करा आणि गॅरेजमध्ये धुराची घंटी बसवा.

एक सोय मात्र आवर्जून मागा: गॅरेजमध्ये किंवा बाहेरच्या भिंतीवर गॅसची जादा जोडणी. वीस-पंचवीस युरोंचा बाहेरचा शेगडीचा बर्नर तिथे लागतो. मोटरहोममध्ये एकदा मिरच्या-लसणाची फोडणी दिली की ती उशांना आठवडाभर पुरते. मासे तर बाहेरच.

जुनी गाडी तपासताना गॅरेजपासून सुरुवात करा

नवीन गॅरेजवाली गाडी आज साधारण ७५ हजार ते एक लाख युरोंना पडते, भारी असेल तर वर. त्यामुळे बहुतेकांची नजर जुन्यावर. जुन्या गाडीचा खरा शत्रू इंजिन नाही, पाणी. आणि पाणी शोधायला गॅरेजसारखी जागा नाही, कारण आतल्या खोलीत कपाटं आणि गाद्यांनी भिंती झाकलेल्या असतात, गॅरेजमध्ये त्या उघड्या दिसतात.

दार उघडल्यावर पहिला श्वास घ्या. कुबट वास आला तर सावध व्हा. ताजा सुगंधी स्प्रे मारलेला असेल तर आणखी सावध. मग गुडघ्यावर बसून फरशीचे चारही कोपरे अंगठ्याने दाबा. लाकूड दबलं, स्पंजसारखं परतलं, तर उठून घरी या. दारांच्या रबरी पट्ट्यांवर बोट फिरवा, चिरा दिसतात. मागच्या दिव्यांच्या आतल्या बाजूला, रुळांच्या स्क्रूभोवती आणि चाकाच्या कमानीला गंजाचे ओघळ शोधा. शक्य असेल तर पावसाच्या दुसऱ्या दिवशी जा. ओल मोजायचं छोटं यंत्र तीस-चाळीस युरोंना मिळतं, ते हातात दिसलं की विक्रेत्याचा सूरही बदलतो.

गाडीखाली वाका. गॅरेजच्या खाली चेसिसला मागे जोड दिलेला असतो. तिथे वेल्डिंगला तडा, वाकलेली पट्टी किंवा घासल्याच्या खुणा असतील तर आधीच्या मालकाने गॅरेज कसं भरलं ते कळतं. मागचे टायरही बोलतात. बाजूवर छापलेल्या चार अंकांत आठवडा आणि वर्ष असतं. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. चर कितीही खोल असली तरी सात वर्षांच्या पुढचे टायर या वजनाखाली मी चालवणार नाही. मोटरहोमसाठीचे ‘सीपी’ लिहिलेले टायर आहेत का तेही बघा.

कंपन्या गळतीवर पाच-दहा वर्षांची हमी देतात, पण दरवर्षी ओलाव्याची तपासणी करून घेतली असेल तरच. त्या तपासणीची वही मागा. एक वर्ष जरी सुटलं असेल तर हमी गेली असं समजून किंमत बोला.

सौदा काट्यावर

चालवून बघताना रिकामी गाडी चालवू नका. आम्ही आमच्या दोन्ही सायकली आणि पाण्याचे आठ कॅन घेऊन गेलो होतो, विक्रेता आधी वैतागला आणि मग स्वतःच मदतीला आला. भरलेल्या गाडीत वळताना शेपूट उलट्या बाजूला किती बाहेर फेकलं जातं, ते आरशात बघा. पेट्रोल पंपाच्या खांबाला घासणारं तेच.

मग भुईकाटा. भंगारवाले, धान्याच्या गोदामांचे काटे, कचरा केंद्रं, कुठेही दहा-वीस युरोंत वजन करून मिळतं. आधी सगळी गाडी, मग फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. दोन्हींची बेरीज एकूण वजनाच्या जवळपास यायला हवी. खाजगी मालक काट्यावर यायला तयार नसेल तर त्याला उत्तर आधीच माहीत आहे. नवीन गाडी असेल तर करारात ‘सर्व जोडण्यांसह प्रत्यक्ष वजन’ लिहून घ्या, आणि ते जास्त निघालं तर काय, हेही.

वजन जास्त भरलं आणि तसंच निघालात तर? जर्मनीत दंड. स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियात पोलीस रस्त्यावरच काट्यावर घेतात आणि दंड भरूनही जादा सामान उतरवल्याशिवाय पुढे सोडत नाहीत. अपघात झाला तर विमा कंपनी वजनाची पावती शोधणार.

आम्ही शेवटी घेतली ती जड चेसिसची, सहा वर्षं जुनी गाडी. सात मीटरच्या आतली, गॅरेज मध्यम. पाण्याची टाकी प्रवासात पाव भरतो, मुक्कामाला पोचल्यावर पूर्ण. तांदूळ, कणीक, अवजारं पुढच्या बाकाखाली. गॅरेजमध्ये सायकली, खुर्च्या आणि हलक्या वस्तू. दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलाय, घरच्या वजनकाट्यावर मोजून प्रत्येक वस्तूचं वजन लिहिलेला. सायकल २४.५, टेबल ६.८, छत्रीच्या भिंती ९. गेल्या उन्हाळ्यात आई आली होती, तेव्हापासून त्या यादीच्या तळाशी तिच्या अक्षरात एक ओळ आहे: पुरणयंत्र, ९०० ग्रॅम.